स्त्रीस्वातंत्र्यविषयक इंग्रजी कादंबरी (१८९९–१९२०)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धानंतरच्या काळापर्यंत अमेरिकेत व इंग्लंडमध्ये लिहिल्या गेलेल्या काही महत्त्वाच्या कादंबऱ्यांचा विषय एकच आहे : स्वतःच्या इच्छेनुसार जगू पाहणारी स्त्री आणि तिच्या वाट्याला येणारी विफलता. केट शोपॅन, थीओडोर ड्रायझर, ईडिथ व्हॉर्टन, एच्. जी. वेल्स व डी. एच्. लॉरेन्स हे ह्या कादंबऱ्यांचे प्रमुख लेखक होत. त्यांचा असा कोणताही संप्रदाय नव्हता. त्यांची वाङ्मयीन मते, सामाजिक स्तर आणि लेखनपद्धती एकमेकांपासून बऱ्याच भिन्न होत्या. तथापि त्यांच्या ह्या कृती एकत्र वाचल्या असता त्यांत एक समान सूत्र आढळते. स्वातंत्र्य आणि प्रेमेच्छेची पूर्ती ह्या दोन गोष्टी त्यांतील नायिकांना एकाच वेळी लाभत नाहीत. जिला एक मिळते, तिला दुसरीवर पाणी सोडावे लागते. जी दोन्हींचा आग्रह धरते, तिला बहुधा दोन्ही गमवाव्या लागतात. ह्या विफलतेचे कारण एखाद्या दुष्ट पुरुषाच्या स्वभावात न शोधता उत्पन्न, घर आणि कायदा ह्यांच्या व्यवस्थेत शोधणे, हे ह्या कादंबऱ्यांचे वैशिष्ट्य होय.

पूर्वपीठिका : विवाहबंधन झुगारणारी नायिका यूरोपीय साहित्यात नवी नव्हती. फ्लोबेअरची मादाम बोव्हारी (१८५७) आणि टॉलस्टॉयची ॲना करेनिना (१८७८) ह्या कादंबऱ्यांत तिचे चित्रण आलेले होते, तर इब्सेनच्या अ डॉल्स हाउस (१८७९) ह्या नाटकाची नायिका पतीचे घर सोडून बाहेर पडते. परंतु घराबाहेर पडल्यावर ती कशावर जगेल, ह्या प्रश्नापाशीच ते नाटक थांबते. पुढील दोन दशकांत हाच प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला. शिक्षिका, टंकलेखिका, दुकानातील विक्रेती अशा कामांत मध्यमवर्गीय मुली येऊ लागल्या. १८९० नंतरच्या इंग्रजी नियतकालिकांत ‘नवी स्त्री’ हा वादविषय झाला, तर जॉर्ज गिसिंगच्या द ऑड विमेन (१८९३) ह्या कादंबरीत अविवाहित मिळवत्या स्त्रियांच्या जीवनाचे गंभीर चित्रण झाले.

कायद्याची चौकट मात्र हळूहळूच बदलत होती. इंग्लंडमध्ये १८८२ च्या कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क मिळाला. पण १८५७ च्या घटस्फोटविषयक कायद्यातील विषमता १९२३ पर्यंत कायम राहिली. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग ह्यांसारखा आणखी एखादा अपराध सिद्ध करावा लागे. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गर्भनिरोधविषयक माहिती टपालाने पाठविणेही गुन्हा ठरविले होते. मताधिकार इंग्लंडमध्ये तीस वर्षांवरील व विशिष्ट अटी पुऱ्या करणाऱ्या स्त्रियांना १९१८ मध्ये आणि पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये मिळाला. अमेरिकेत तो १९२० मध्ये घटनादुरुस्तीने आला. विचाराधीन कादंबऱ्या ह्या संक्रमणकाळातील आहेत. त्यांच्या नायिकांना स्वतंत्र जीवनाची कल्पना करता येते. ते जगण्याची साधने मात्र त्यांच्या हाती पुरेशी आलेली नाहीत.

स्वतःचे घर : केट शोपॅनच्या (१८५०–१९०४) द अवेकनिंग (१८९९) ह्या कादंबरीची नायिका एड्ना पाँटेलिए ही न्यू ऑर्लीन्समधील एका सधन व्यापाऱ्याची अठ्ठावीस वर्षांची पत्नी व दोन मुलांची आई आहे. समुद्रकाठच्या सुटीत तिला पोहता येऊ लागते, रॉबर्ट लब्रँ ह्या तरुणाविषयी ओढ वाटू लागते आणि आपण कोणाच्या तरी पत्नी व आई ह्यांपेक्षा वेगळ्या कोणीतरी आहोत, अशी जाणीव होते. शोपॅनने ही जाणीव सिद्धांताच्या भाषेत मांडलेली नाही. पाण्याचा स्पर्श, झोप, भूक, संगीत अशा शारीर अनुभवांतून ती आकारास येते. एड्ना पतीचे घर सोडते, ते प्रियकरासाठी नव्हे. घोड्यांच्या शर्यतीत जिंकलेले पैसे, आईकडून आलेले अल्प उत्पन्न आणि चित्रांची विक्री ह्यांच्या बळावर ती कोपऱ्यापलीकडचे एक लहानसे घर भाड्याने घेते. पतीची प्रतिक्रिया कादंबरीतील अत्यंत मार्मिक तपशिलांपैकी एक आहे. पत्नी घर सोडून गेली ह्यापेक्षा आपल्या आर्थिक स्थितीविषयी लोक शंका घेतील, ह्याची त्याला अधिक काळजी वाटते. म्हणून तो राहत्या घराच्या नूतनीकरणाचे काम सुरू करवितो व तशी बातमी वृत्तपत्रात छापून आणतो. एड्नाचे बंड अशा रीतीने डागडुजीच्या बातमीत झाकले जाते.

प्रियकराकडूनही तिला वेगळे काही मिळत नाही. तिचा पती तिला मुक्त करील आणि मग आपण तिच्याशी विवाह करू, असे स्वप्न रॉबर्टने पाहिलेले असते. आपण कोणी कोणाला द्यावी अशी वस्तू राहिलेलो नाही, असे ती सांगते, तेव्हा तो गोंधळतो आणि अखेरीस निघून जातो. पती तिला मालमत्ता समजतो आणि प्रियकर तिला हस्तांतरणयोग्य समजतो. दोघांच्या कल्पनेत तिसरी शक्यता नाही. शेवटी एड्ना समुद्रात दूरवर पोहत जाते. ह्या शेवटाला कित्येक समीक्षकांनी मुक्ती म्हटले आहे, कित्येकांनी पराभव. परंतु त्याआधी मैत्रिणीचे बाळंतपण तिने पाहिले आहे आणि मुलांचा विचार कर, हा त्या मैत्रिणीचा आग्रह तिच्या मनात घर करून राहिला आहे, हे विसरून चालत नाही. लहान घर भाड्याने घेता आले, तरी मातृत्वाचा प्रश्न त्या घराने सुटत नाही.

वेतन व यश : ड्रायझरच्या (१८७१–१९४५) सिस्टर कॅरी (१९००) ह्या कादंबरीत हाच प्रश्न खालच्या आर्थिक स्तरावर मांडलेला आहे. अठरा वर्षांची कॅरी मीबर १८८९ मध्ये चार डॉलर घेऊन शिकागोला येते. जोड्यांच्या कारखान्यात तिला आठवड्याला साडेचार डॉलर मिळतात आणि त्यांतील चार डॉलर राहण्याजेवण्यासाठी बहिणीच्या घरी द्यावे लागतात. ह्या हिशोबात थंडीच्या कोटालाही जागा नाही. म्हणून ड्रूए हा फिरता विक्रेता तिच्या हातात दहा डॉलरच्या दोन नोटा ठेवतो, तेव्हा तिचे ‘पतन’ हा नैतिक चर्चेचा विषय न राहता अंकगणिताचा विषय होतो. पुढे ती हर्स्टवुड ह्या दुसऱ्या पुरुषाबरोबर न्यूयॉर्कला जाते; तो खालावत जाऊन आत्महत्या करतो आणि ती रंगभूमीवर यशस्वी होते. ह्या गटातील स्वतःच्या कमाईने संपन्न झालेली ही एकमेव नायिका होय. तथापि शेवटी ती झुलत्या खुर्चीत एकटीच बसलेली दिसते. कशाची तरी ओढ तिला आहे, पण ती कशाची हे तिला सांगता येत नाही. ड्रायझरने तिला शिक्षा केली नाही, हे तत्कालीन वाचकांना विशेष खटकले. प्रकाशनसंस्थेनेच पुस्तकाविषयी अनास्था दाखविल्याने पहिल्या आवृत्तीच्या पाचशेपेक्षाही कमी प्रती विकल्या गेल्या. प्रकाशनापूर्वी हस्तलिखितात बरीच काटछाट झालेली होती. मूळ संहिता १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली.

ऋणाची व्यवस्था : ईडिथ व्हॉर्टन (१८६२–१९३७) ही न्यूयॉर्कच्या ज्या प्रतिष्ठित समाजात वाढली, त्याचेच चित्रण तिने द हाउस ऑफ मर्थ (१९०५) मध्ये केले आहे. स्क्रिब्नर्स मॅगझीनमधून क्रमशः आलेली ही कादंबरी पुस्तकरूपाने निघताच अत्यंत लोकप्रिय झाली. वर्षअखेरपर्यंत तिच्या सु. १,४०,००० प्रती छापल्या गेल्या. एकोणतीस वर्षांची लिली बार्ट सुंदर, सुसंस्कृत व निर्धन आहे. श्रीमंत विवाह हाच तिला शिकविलेला एकमेव व्यवसाय. पहिल्याच प्रकरणात ती लॉरेन्स सेल्डन ह्या वकिलाच्या छोट्या, पुस्तकांनी भरलेल्या सदनिकेत चहा घेते आणि अशी जागा आपल्यालाही असावी असे तिला वाटते. गर्टी फॅरिश नावाची एक अविवाहित स्त्री तसे स्वतंत्रपणे राहतही असते. पण साधेपणाची व उपेक्षेची जी किंमत गर्टी देते, ती देण्याची लिलीची घडण नाही. व्हॉर्टनने नायिकेच्या ह्या उणिवेवर पांघरूण घातलेले नाही.

कादंबरीचा कणा एका ऋणाचा आहे. गस ट्रेनर हा मित्राचा बुरखा घेतलेला धनिक लिलीचे पैसे आपण बाजारात गुंतवीत असल्याचे भासवून तिला सु. नऊ हजार डॉलर देतो. ते पैसे त्याचे स्वतःचेच होते आणि त्यांच्या मोबदल्यात त्याला काय हवे आहे, हे तिला उशिरा उमगते. आत्या तिला वारसाहक्कातून जवळजवळ वगळून केवळ दहा हजार डॉलर ठेवते. टोप्या करण्याच्या कारखान्यातील काम तिला जमत नाही. शेवटच्या रात्री वारशाचा धनादेश हाती येताच ती ट्रेनरचे ऋण फेडण्यासाठी त्या रकमेचा दुसरा धनादेश लिहून ठेवते आणि झोपेच्या औषधाच्या अतिरिक्त मात्रेने तिचा मृत्यू होतो. शत्रुस्त्रीची गुप्त पत्रे वापरून पुन्हा समाजात प्रवेश मिळविणे तिला शक्य होते. पण ती पत्रे सेल्डनला लिहिलेली असल्याने तिने ती आधीच त्याच्या शेकोटीत टाकलेली असतात. अशा रीतीने तिचे ऋण फिटते, पण जगण्यासाठी काही उरत नाही.

पुरुषाने दिलेले कर्ज हा प्रसंग ह्या कादंबऱ्यांत वारंवार येतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. वेल्सच्या (१८६६–१९४६) ॲन व्हेरॉनिका (१९०९) ह्या कादंबरीची जीवशास्त्र शिकणारी एकवीस वर्षांची नायिका वडिलांचे उपनगरातील घर सोडून लंडनमध्ये खोली घेते. रॅमेज हा शेजारी तिला चाळीस पौंड उसने देतो आणि पुढे त्या बळावर तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो. येथेही स्वातंत्र्याचा खर्च ज्याने उचलला, तोच त्यावर हक्क सांगतो. ॲन व्हेरॉनिका मताधिकाराच्या चळवळीत भाग घेऊन तुरुंगवासही भोगते. त्यानंतर केप्स ह्या विवाहित पण पत्नीपासून विभक्त झालेल्या अध्यापकावर आपले प्रेम असल्याचे ती स्वतःच प्रथम सांगते व त्याच्याबरोबर निघून जाते. नायिकेने इच्छा उघडपणे बोलून दाखवावी, हाच मोठा प्रमाद ठरला. मॅकमिलनने पुस्तक नाकारले. फिशर अन्विनने ते प्रसिद्ध केल्यावर द स्पेक्टेटरने त्यावर कडाडून हल्ला चढविला. मात्र कादंबरीचा शेवट तिच्या आरंभाइतका धीट नाही. चार वर्षांनी केप्स यशस्वी नाटककार झालेला आहे, विवाह झालेला आहे, वडील जेवायला येतात आणि नायिका गर्भवती आहे. तिची प्रयोगशाळा व तिचा अभ्यास ह्यांचे काय झाले, ह्याविषयी वेल्स काहीच सांगत नाही. इच्छा पूर्ण झाली आणि स्वातंत्र्याचा विषयच मिटला.

ह्याच्या उलट बाजू व्हॉर्टनच्या समर (१९१७) ह्या लघुकादंबरीत दिसते. न्यू इंग्लंडमधील एका खेड्यात वकील रॉयलने वाढविलेली चॅरिटी ही पैसे साठवून गाव सोडता यावे म्हणून तेथील ग्रंथालयात काम करते. शहरातून आलेल्या ल्यूशस हार्नी ह्या वास्तुशिल्पज्ञाशी तिचे प्रेमसंबंध जुळतात. त्यांतील शारीर आनंद व्हॉर्टनने जितक्या मोकळेपणाने रंगविला आहे, तितका तिच्या इतर कोणत्याही कादंबरीत आढळत नाही. हार्नी निघून जातो. चॅरिटी गर्भवती असते आणि ज्याने तिला वाढविले व ज्याची मागणी तिने पूर्वी तिरस्काराने धुडकावली होती, त्या रॉयलशीच विवाह करणे तिला भाग पडते. विवाहानंतर कपड्यांसाठी त्याने दिलेले चाळीस डॉलर ती एका डॉक्टरीणबाईला देते आणि तपासणीच्या वेळी तिच्याकडे अडकून पडलेली, हार्नीने दिलेली निळी पिन सोडवून आणते. पतीच्या पैशातून प्रियकराची आठवण विकत घ्यावी लागणे, ह्यापेक्षा ह्या गटातील कादंबऱ्यांचा आशय अधिक नेमकेपणाने सांगणारा प्रसंग सापडणे कठीण.

द एज ऑफ इनोसन्स (१९२०) मध्ये व्हॉर्टन १८७० नंतरच्या न्यूयॉर्ककडे वळली. काउंटेस ओलेन्स्का पतीपासून घटस्फोट घेऊ इच्छिते; कुटुंबाच्या वतीने तिला त्यापासून परावृत्त करणारा वकील न्यूलंड आर्चर हाच पुढे तिच्यावर प्रेम करू लागतो. ह्या समाजात कोणी कोणावर ओरडत नाही. एका सौजन्यपूर्ण निरोपाच्या मेजवानीने तिला दूर केले जाते. आजीने दिलेल्या उत्पन्नावर ती पॅरिसमध्ये स्वतंत्रपणे राहते, म्हणजे तिला स्वातंत्र्य मिळते आणि प्रेम सोडावे लागते. ह्या कादंबरीस १९२१ चे पुलिट्झर पारितोषिक लाभले. कादंबरीसाठी ते मिळविणारी व्हॉर्टन ही पहिली स्त्री होय.

शेवटाचा प्रश्न : मृत्यू, एकाकीपण वा विवाह असे हे शेवट आहेत. त्यांवरून लेखकांनी रूढ नीतीपुढे मान तुकविली, असा आक्षेप घेतला जातो. तो वेल्सच्या उपसंहाराला काही अंशी लागू पडतो. एड्ना व लिली ह्यांच्या मृत्यूंना मात्र लेखिकांचा निवाडा समजणे योग्य नव्हे. नीतिकथेत मृत्यू हा पापाचा परिणाम म्हणून येतो. येथे तो एकेक मार्ग बंद होत गेल्यावर येतो आणि ते मार्ग कोणी, कसे बंद केले ह्याची नोंद लेखिकांनी काटेकोरपणे ठेवलेली आहे. लॉरेन्सच्या द रेनबो (१९१५) मध्ये वेगळा प्रयत्न दिसतो. अर्सुला ब्रँग्वेन शाळेत शिकविते, विद्यापीठात जाते, प्रियकराशी विवाह करण्याचे नाकारते आणि शेवटी ना मरते ना विवाह करते. पण तिच्यासमोरची वाट लॉरेन्सला इंद्रधनुष्याच्या प्रतिमेनेच सुचवावी लागते. प्रत्यक्ष जीवनक्रम तेथे दिसत नाही. प्रकाशनानंतर दोनच महिन्यांत लंडनच्या न्यायालयाने अश्लीलतेवरून ह्या कादंबरीच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला.

मर्यादा : ह्या कादंबऱ्यांची दृष्टी बहुतांशी गौरवर्णीय व मध्यम किंवा वरिष्ठ वर्गाची आहे. एड्नाला चित्रे काढण्यास सवड मिळते, ती तिची मुले सांभाळणाऱ्या मिश्रवंशीय दाईमुळे. त्या दाईला कादंबरीत नावही नाही. रोझडेल ह्या ज्यू धनिकाच्या चित्रणात व्हॉर्टनने तत्कालीन वर्गाचे पूर्वग्रह पुष्कळ अंशी तसेच स्वीकारले आहेत. स्वतःची इच्छा व स्वतःचा आवाज शोधणारी कृष्णवर्णीय नायिका समर्थपणे अवतरली, ती झोरा नील हर्स्टनच्या देअर आइज वेअर वॉचिंग गॉड (१९३७) ह्या कादंबरीत.

मराठीतील समांतर लेखन : मराठी कादंबरीत हा प्रश्न वेगळ्या क्रमाने आला. हरि नारायण आपटे ह्यांच्या पण लक्षात कोण घेतो! ह्या कादंबरीत बालविवाह, शिक्षण व वैधव्य हे विषय अग्रभागी होते. स्त्रीच्या प्रेमेच्छेला स्थान मिळण्यास आणखी चार दशके लागली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनी ब्राह्मणकन्या (१९३०) मध्ये जातिबाह्य संबंधांतून समाजात स्थान शोधणारी कालिंदी उभी केली. विभावरी शिरूरकर ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या मालती बेडेकर ह्यांच्या कळ्यांचे निःश्वास (१९३३) ह्या कथासंग्रहाने सुशिक्षित, मिळवत्या कुमारिकांचे दुःख प्रथमच स्पष्टपणे मांडले. एक महत्त्वाचा फरक येथे जाणवतो. इंग्रजी कादंबरीत वेतनाचा अभाव स्त्रीला जखडतो. येथे पुष्कळदा तिच्या वेतनावर अवलंबून असलेले माहेरच तिला जखडते. हिंदोळ्यावर (१९३४) ह्या कादंबरीतील अचला पतीपासून दूर राहते व विवाहाविना दुसऱ्या पुरुषाचा स्वीकार करते. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदेशीर मार्ग १९४७ मध्ये खुला झाला, हे ध्यानात घेतले असता अचलेपुढे दुसरा पर्याय का नव्हता, हे स्पष्ट होते. हे अनुकरण नव्हे. सारख्या अडचणींतून निघालेले ते सारखे प्रश्न होत.

मूल्यमापन : द अवेकनिंगवर प्रतिकूल टीका झाली व ती दीर्घकाळ विस्मृतीत गेली. नॉर्वेजियन अभ्यासक पेर सायर्स्टेड ह्याने १९६९ मध्ये शोपॅनचे समग्र साहित्य संपादित केल्यानंतर आणि विशेषतः त्यापुढील दशकातील स्त्रीवादी समीक्षेमुळे तिला आजचे स्थान प्राप्त झाले. ह्या समीक्षेने नायिकांच्या इच्छेकडे यथायोग्य लक्ष वेधले. त्यामानाने त्यांच्या हिशोबाकडे कमी लक्ष गेले. व्हर्जिनिया वुल्फने अ रूम ऑफ वन्स ओन (१९२९) ह्या निबंधात लेखन करू इच्छिणाऱ्या स्त्रीला वर्षाला पाचशे पौंड व स्वतःची खोली हवी, असे प्रतिपादन केले. तिच्या पूर्वीच्या तीस वर्षांत ह्या कादंबऱ्यांनी चार डॉलर, चाळीस पौंड, नऊ हजार डॉलर अशा आकड्यांतून तेच दाखवून दिले होते. त्यांत एक भरही घातली होती : उत्पन्न आणि खोली मिळाल्यावरही, स्त्रीच्या स्वातंत्र्यासकट तिच्यावर प्रेम करू शकेल असा पुरुष आणि ते सामावून घेईल असा समाज अजून घडावयाचा आहे. द हाउस ऑफ मर्थ व समर ह्या दोन कृतींत इच्छा आणि हिशोब एकाच प्रसंगात, एकमेकांपासून वेगळे न करता येण्याजोगे, अवतरतात. म्हणूनच ह्या गटात त्यांचे स्थान श्रेष्ठ मानावे लागते.